बहिऱ्या मुलांचे गुरु : फादर शार्ल-मिशेल द लेपे



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या देवळाचे चिरे रचणाऱ्या पूर्वजांचें कृतज्ञतेनें स्मरण करतों. परंतु देवळाच्या सावलींत वाढलेली शाळा हेंही त्यांच्याच श्रमांचें फळ आहे. त्या शाळेच्या बांकावर एखादें मूल असें बसलेलें असतें कीं, गुरुजी बोलतात तें त्याला ऐकूं येत नाहीं. एखाद्याला फळ्यावरचीं अक्षरें दिसत नाहींत. एखाद्याच्या ध्यानांत धडा इतरांहून उशिरां उतरतो. अशा मुलाचें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढें आणि प्रत्येक आईबापापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतो. अडीचशें वर्षांपूर्वीं पॅरिस शहरांतील एका धर्मगुरूपुढें तो असाच उभा राहिला, आणि त्यांनीं आपल्या उरलेल्या सर्व आयुष्यानें त्याचें उत्तर दिलें. त्या सत्पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

शार्ल-मिशेल द लेपे यांचा जन्म नोव्हेंबर १७१२ मध्यें फ्रान्स देशांतील व्हर्साय नगरांत झाला. वडील राजाच्या इमारतींच्या कामावरील वास्तुशिल्पी होते. घरची स्थिति चांगली, आणि मुलगा लहानपणापासून देवभीरु. आपण धर्मगुरु व्हावें, याशिवाय दुसरी आकांक्षा त्याच्या मनाला शिवली नाहीं. परंतु ती पुरी होण्याच्या वेळीं वाटेंत मोठी धोंड आली. फ्रान्सच्या ख्रिस्तसभेंत त्या काळीं जान्सेन-पंथाच्या मतांवरून कडाक्याचा वाद माजला होता. देवाची कृपा आणि मनुष्याची इच्छाशक्ति यांचा संबंध कसा, हा त्या वादाचा गाभा. पोपमहाशयांनीं त्या पंथाचीं मतें त्याज्य ठरविलीं होतीं, आणि दीक्षार्थी तरुणानें तशा लेखावर सही करावी असा दंडक होता. तरुण द लेपे यांचें मन त्या सहीला तयार होईना. तेव्हां दीक्षेची वाट सोडून ते कायद्याकडे वळले आणि पॅरिसच्या न्यायालयांत वकील झाले.

वकिलींत त्यांचा जीव रमला नाहीं. पुढें त्रुआ येथील बिशप बोस्युए यांनीं त्यांना जवळ केलें. हे बिशप त्याच नांवाच्या विख्यात धर्मवक्त्याचे पुतणे होत. त्यांच्या हातून १७३८ सालीं द लेपे यांना गुरुदीक्षा मिळाली. परंतु हा आधारही फार दिवस टिकला नाहीं. बिशप निवर्तले. द लेपे पॅरिसमध्यें राहूं लागले, पण तेथील आर्चबिशप बोमों हे जान्सेन-पंथाचे कडवे विरोधक होते. द लेपे यांची त्या पंथाकडे ओढ असल्याचें जाणून त्यांनीं त्यांना पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दिला नाहीं. त्या जुन्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. ख्रिस्तसभेचा निर्णय स्पष्ट आहे, आणि द लेपे अखेरपर्यंत तिच्याच कुशींत राहिले. परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या, अंगीं विद्या असलेल्या आणि सेवेसाठीं तळमळणाऱ्या त्या धर्मगुरूला आपल्या हातून आतां कांहींच होणार नाहीं, असें किती वेळां वाटलें असेल, याची कल्पना करवते.

अशा स्थितींत, १७६० च्या सुमारास, त्यांची गांठ दोन जुळ्या बहिणींशीं पडली. परंपरा अशी सांगते कीं, कांहीं कामानिमित्त ते एका घरीं गेले असतां दोन मुली शिवणकाम करीत बसल्या होत्या. त्यांनीं मुलींना विचारलें, पुन्हां विचारलें, पण मुलींनीं मान वर केली नाहीं. थोड्या वेळानें आई आली आणि तिनें सांगितलें कीं दोघींनाही ऐकूं येत नाहीं. व्हानें नांवाचे एक धर्मगुरु चित्रें दाखवून त्यांना संतांच्या गोष्टी शिकवीत असत. परंतु ते वारले आणि शिकवणें बंद पडलें. या मुली देवाचें नांवही न जाणतां जगतील आणि तशाच मरतील, या विचारानें फादर द लेपे यांचें अंतःकरण हेलावलें. मुलींना आपल्याकडे पाठवा, असें त्यांनीं आईला सांगितलें. कसें शिकवावयाचें, हें त्या क्षणीं त्यांचें त्यांनाही ठाऊक नव्हतें.

त्या काळीं बहिऱ्या मनुष्याची गणना कोणांत होत असे, हें आज ऐकून विषाद वाटतो. जन्मतः ऐकूं व बोलूं न येणाऱ्याला जुन्या रोमन कायद्यांत मृत्युपत्र करण्याचाही अधिकार नव्हता. वाणी नाहीं तेथें बुद्धि नाहीं, अशी पंडितांची समजूत. संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील श्रवणाविषयींच्या बोधाचा शब्दशः अर्थ घेऊन बहिऱ्याला श्रद्धा लाभणें कठीण, असें मानणारेही होते. शिक्षणाचे प्रयत्न मुळींच झाले नव्हते असें नाहीं. सोळाव्या शतकांत स्पेनमध्यें पेद्रो पोन्से द लेओन या बेनेडिक्टाइन संन्याशानें सरदारघराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहावयास व बोलावयास शिकविलें. १६२० सालीं ह्वान पाब्लो बोनेत यांनीं बोटांनीं अक्षरें दाखविण्याच्या रीतीचें पुस्तक छापलें. खुद्द पॅरिसमध्यें परेर नांवाचे शिक्षक बहिऱ्यांना उच्चार शिकवीत होते. परंतु या साऱ्या विद्या श्रीमंतांच्या दारीं पोंचल्या. परेर तर आपली युक्ति गुप्त ठेवीत. गरिबाच्या बहिऱ्या लेकराला विचारणारा कोणी नव्हता.

फादर द लेपे यांचें मोठेपण येथें दिसतें. इतर शिक्षक मुलांना शिकवावयास बसत. हे प्रथम मुलांकडून शिकावयास बसले. त्यांनीं पाहिलें कीं, बहिरीं मुलें आपसांत हातांच्या आणि चेहऱ्याच्या खुणांनीं बोलतात, हसतात, भांडतात, समजूत घालतात. म्हणजे यांना भाषा आहे. ती आपल्याला येत नाहीं, एवढेंच. मग दोष कोणाचा? विचार कानांतूनच मनांत शिरला पाहिजे असा सृष्टीचा नियम नाहीं. आपण कानाच्या वाटेनें शब्द आंत नेतों. यांच्यासाठीं डोळ्यांची वाट मोकळी आहे. कोणी बोनेतचें पुस्तक त्यांच्याकडे आणून दिलें, तेव्हां तें वाचतां यावें म्हणून ते उतारवयांत स्पॅनिश भाषा शिकले आणि त्यांतील बोटांची वर्णमाला त्यांनीं आपल्या वर्गांत आणली.

मुलांच्या स्वाभाविक खुणांना त्यांनीं व्याकरणाच्या खुणांची जोड दिली. झालेली गोष्ट दाखवावयाची तर हात खांद्यावरून मागें टाकावयाचा. व्हावयाची गोष्ट दाखवावयाची तर हात पुढें न्यावयाचा. खूण केली कीं शब्द फळ्यावर लिहावयाचा, आणि मुलांनीं तो वाचून, लिहून, कृतीनें दाखवून आपला करावयाचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या कल्पनाही ते याच रीतीनें उलगडीत. श्रद्धा हा शब्द शिकवितांना ते त्याचे चार भाग करीत : मी मनानें होय म्हणतों, हृदयानें होय म्हणतों, मुखानें होय म्हणतों, आणि तरीही तें माझ्या डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. हे चारही भाव खुणांनीं दाखवून झाले म्हणजे त्या एका शब्दाची खूण पक्की होई. ऐकूं येणाऱ्या आपल्या मुलांपैकीं कितीजणांना या शब्दाचा अर्थ इतका नीट उलगडून सांगितला जातो, याचा आपणच विचार करावा.

ही पद्धति निर्दोष होती असें मात्र नव्हे. फ्रेंच भाषेंतील प्रत्येक प्रत्यय, प्रत्येक अव्यय खुणेनें दाखविण्याच्या हव्यासापायीं वाक्य लांबच लांब होई, आणि मूल तें बिनचूक लिही, पण त्याचा अर्थ त्याला उमगलाच असेल असें नसे. मुलांची आपसांतली भाषा मात्र याहून सुटसुटीत व जिवंत होती. १७७९ सालीं पिएर देलोझ नांवाच्या एका बहिऱ्या बुकबाइंडरानें पुस्तक लिहून हेंच जगापुढें मांडलें. सातव्या वर्षीं देवीच्या रोगानें त्याचे कान गेले होते. तो फादरांचा शिष्य नव्हता. तरी खुणांनीं शिकविण्याच्या त्यांच्या मार्गाचा त्यानें हिरिरीनें कैवार घेतला, आणि पॅरिसचे बहिरे लोक आपली भाषा आधींपासूनच बोलत आहेत हेंही स्पष्ट सांगितलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत द लेपे यांच्या व्याकरणी खुणा मागें पडल्या आणि बहिऱ्यांची स्वाभाविक भाषाच वर्गांत टिकली. गुरूनें दार उघडलें. आंतील घर बहिऱ्यांनीं आपलें आपण बांधलें होतें.

मूलँ रस्त्यावरील स्वतःच्या घरांत त्यांनीं ही शाळा चालविली. आठवड्यांतून दोन दिवस वर्ग भरत. फी कोणाकडूनही घेत नसत, आणि गरिबाच्या मुलाचा मान पहिला. खर्च वडिलार्जित उत्पन्नांतून चाले. १७८० नंतरच्या वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या साठांच्या वर गेली. १७७१ पासून त्यांनीं लोकांसमक्ष परीक्षा घेण्यास सुरुवात केली. बहिऱ्या मुलांना पवित्र संस्कारांविषयीं प्रश्न लेखी विचारीत आणि मुलें फ्रेंच, लॅटिन, इटालियन व स्पॅनिश भाषांत लेखी उत्तरें देत. सरदार, विद्वान आणि परदेशचे वकील दाटी करून तें पाहत. ज्यांना बुद्धि नाहीं असें मानीत, त्यांना चार भाषांत लिहितांना पाहिल्यावर जुनें मत धरून बसणें कठीण होतें. आपली युक्ति त्यांनीं कधीं लपविली नाहीं. १७७६ सालीं आणि पुन्हां १७८४ सालीं पुस्तकें लिहून त्यांनीं ती सर्वांसाठीं खुली केली. कोणीही शिक्षक येवो, त्याला ते फुकट शिकवीत.

१७७७ सालीं ऑस्ट्रियाचे सम्राट दुसरे जोसेफ आपल्या बहिणीला, म्हणजे फ्रान्सच्या राणीला, भेटावयास पॅरिसला आले असतां या वर्गांत येऊन बसले. परत गेल्यावर त्यांनीं स्टॉर्क नांवाच्या धर्मगुरूला शिक्षणासाठीं पाठविलें, आणि १७७९ सालीं व्हिएन्ना येथें बहिऱ्यांची शाळा निघाली. फादरांकडे शिकून गेलेल्या शिक्षकांनीं युरोपांत ठिकठिकाणीं अशा शाळा उघडल्या. रशियाच्या राणीच्या वकिलानें त्यांच्यापुढें मौल्यवान देणगी ठेवली, तेव्हां ती परत करून त्यांनीं तिच्याऐवजीं एक बहिरें मूल पाठविण्याची विनंति केली, अशीही कथा सांगतात.

विरोधही झाला. लाइप्झिग येथें १७७८ सालीं शाळा काढणारे जर्मन शिक्षक हाइनिके यांचें मत असें कीं, उच्चाराशिवाय विचार नाहीं. म्हणून बहिऱ्याला बोलावयासच शिकविलें पाहिजे, खुणा त्याला घातक. दोघांत पत्रांनीं मोठा वाद झाला. १७८३ सालीं झ्युरिकच्या विद्वानांनीं द लेपे यांच्या बाजूनें कौल दिला. द लेपे स्वतः उच्चार शिकविण्याच्या विरुद्ध नव्हते. कांहीं मुलांना ते तोही शिकवीत. परंतु एका मुलाच्या उच्चाराला जितका वेळ लागे तितक्यांत अनेकांचीं मनें उघडतां येत, आणि त्यांच्या दारांत मुलांची रांग लागलेली होती.

त्यांच्या दयाळूपणानें एकदां मोठें वादळही ओढवून घेतलें. १७७३ सालीं पेरोनच्या रस्त्यावर एक बहिरा मुलगा फाटक्या वस्त्रांत सांपडला. पुढें तो पॅरिसच्या इस्पितळांत आला असतां फादरांनीं त्याला आपल्या छायेखालीं घेतलें आणि जोसेफ हें नांव दिलें. त्याच्या खुणांवरून त्यांची अशी खात्री झाली कीं, हा सोलार घराण्याचा वारस असून घरच्यांनींच त्याला टाकून दिला आहे. खटला उभा राहिला. मुलाला पळविल्याच्या संशयावरून काझो नांवाच्या तरुणाला बेड्या घालून आणण्यांत आलें. तो पुढें निर्दोष ठरला. १७८१ सालीं न्यायालयानें जोसेफच्या बाजूनें निकाल दिला, परंतु फादरांच्या मृत्यूनंतर, १७९२ सालीं, तो फिरविला गेला. जोसेफ सैन्यांत शिरला आणि लवकरच मरण पावला. या प्रकरणांत सत्य कोणतें, यावर वाद राहिला. फादरांचा ग्रह चुकीचा असेल तर एका निरपराध्याला त्याचे भोग भोगावे लागले, हें चरित्रकारानें झांकूं नये. तरीही एका बहिऱ्या अनाथाची साक्ष खुणांनीं न्यायासनापुढें घेतली गेली, हें त्यापूर्वीं क्वचितच घडलें असेल.

राजानें १७७८ सालीं शाळेला आश्रय देण्याचें ठरविलें आणि १७८५ सालीं सेलेस्तँ संन्याशांच्या रिकाम्या मठाची इमारत नेमून दिली. पण हुकूम कागदावर राहिले. फादरांच्या हयातींत शाळा तेथें गेली नाहीं. १७८८ चा हिंवाळा भयंकर होता. पंचाहत्तरी उलटलेले फादर मुलांच्या अन्नवस्त्रासाठीं पैसा उरावा म्हणून स्वतःच्या खोलींत लांकडें जाळीनात. हें मुलांना कळलें तेव्हां तीं रडत त्यांच्याकडे गेलीं आणि आमच्यासाठीं जगा अशी खुणांनीं विनवणी करूं लागलीं. तेव्हां त्यांनीं शेगडी पेटवूं दिली. परंतु पुढें कितीतरी दिवस, मुलांच्या हक्काचा पैसा आपण आपल्यावर खर्चिला, अशी खंत ते बोलून दाखवीत. २३ डिसेंबर १७८९ रोजीं, नाताळच्या दोन दिवस आधीं, ते देवाघरीं गेले. पॅरिसमधील संत रॉक यांच्या चर्चमध्यें त्यांचें दफन झालें. राज्यक्रांतीच्या धामधुमींतही १७९१ सालीं राष्ट्रसभेनें त्यांना मानवजातीच्या उपकारकर्त्यांत गणलें आणि त्यांची शाळा राष्ट्राची केली. ती आजही पॅरिसमध्यें चालू आहे.

त्यांनीं लावलेली पणती विझली नाहीं. त्यांच्यामागें फादर सिकार हे शाळेचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालीं झां मासियो आणि लोराँ क्लेर या बहिऱ्या विद्यार्थ्यांचे बहिरे शिक्षक बनले. क्लेर १८१६ सालीं गॅलॉडेट यांच्याबरोबर अमेरिकेस गेले आणि १८१७ सालीं हार्टफर्ड येथें शाळा निघाली. पॅरिसमध्येंच व्हालांतँ आवी यांनीं द लेपे यांच्या कार्यापासून स्फूर्ति घेऊन आंधळ्या मुलांसाठीं शाळा काढली. त्या शाळेंत लुई ब्रेल नांवाचा खोगीर करणाऱ्या कारागिराचा मुलगा १८१९ सालीं दाखल झाला. त्यानें रचलेल्या सहा टिंबांच्या लिपीनें जगांतील आंधळ्यांच्या बोटांना वाचावयास शिकविलें. जेथें डोळा वाट देत नाहीं तेथें बोट देतें; तत्त्व तेंच.

या वाटेवर मोठा खड्डाही आला. १८८० सालीं मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तींत बहुतेक सर्व ऐकूं येणारेच होते. त्यांनीं ठराव केला कीं, वर्गांत खुणा बंद कराव्या आणि केवळ ओठ वाचून उच्चार शिकवावे. जवळजवळ शंभर वर्षें देशोदेशींच्या शाळांत मुलांना हात हालवूं दिले गेले नाहींत. कित्येक बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. २०१० सालीं व्हँकूव्हर येथील परिषदेनें त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. ज्यांच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा त्यांनाच न विचारल्याचा तो परिणाम होता. द लेपे यांनीं जें पहिल्या दिवशीं ओळखलें, तें विद्वानांनीं एकशें तीस वर्षांनीं पुन्हां कबूल केलें.

आपल्या मुंबईचा या इतिहासाशीं जवळचा संबंध आहे. मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक बिशप लिओ मोरीन यांच्या पुढाकारानें एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत या शहरांत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, आणि हिंदुस्थानांत अशा शाळांचा आरंभ तिनें झाला. आज देशाच्या २०१६ च्या कायद्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं आहेत. ज्या मुलांचें अपंगत्व कायद्यानें ठरविलेल्या प्रमाणांत आहे, अशा सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेंत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. परंतु कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. आंत बसवून घेणें हें शिक्षकाचें, सोबत्यांचें आणि आपलें काम.

तें काम फार अवघड नाहीं. ज्याला ऐकूं कमी येतें त्याला पुढच्या बांकावर, शिक्षकाचें तोंड दिसेल असें बसवावें, आणि शिक्षकानें फळ्याकडे तोंड करून बोलूं नये. जें बोलावयाचें तें थोडक्यांत फळ्यावर लिहावें. ज्याला दिसत कमी त्याच्यासाठीं लिहितांना तेंच मोठ्यानें वाचावें. ज्याला समजावयास वेळ लागतो त्याचा धडा लहान तुकड्यांत, वस्तु आणि चित्रें दाखवून द्यावा, आणि उत्तरासाठीं थांबावें. चाकांच्या खुर्चींतून येणाऱ्यासाठीं वर्ग खालच्या मजल्यावर ठेवावा. धर्मशिक्षणाच्या वर्गालाही हें सारें लागू आहे, कारण प्रथम कम्युनियनच्या रांगेंतून अशा मुलाला वगळण्याचें कांहींच कारण नाहीं. सर्वांत आधीं, मूल स्वतः कसें शिकतें हें त्याच्याकडूनच विचारून घ्यावें.

पापनिवेदनाच्या खुर्चीवर ज्यांना बसूं दिलें नाहीं, त्या धर्मगुरूला देवानें असे शेंकडों जीव दिले कीं, ज्यांचें मन तोंवर कोणीं ऐकलें नव्हतें. आपल्या धर्मग्रामांत एखाद्या घरीं असें मूल लाजेखातर मागें ठेवलेलें असेल, तर या ज्युबिलीच्या वर्षीं त्याच्या आईबापांच्या दारीं जावें, आणि त्या मुलाला हातीं धरून शाळेंत व देवळांत आणावें. बहिऱ्याच्या कानांत बोटें घालून त्याला मोकळें करणारा प्रभु येशू ख्रिस्त आपल्या हातांना तें बळ देवो.